पहिल्या हाकेची ओ

पाइप पहिल्यांदा बोलला तेव्हा मी काठवटीत पीठ मळत होते.

सकाळ होती. ऊन अंगणात उतरलेलं, कोंबड्या पायात येत होत्या. वरच्या सड्याच्या, उघड्या कातळपठाराच्या बाजूनं एकाएकी आवाज आला. लांबलचक, खालच्या पट्टीत सुरू होऊन शेवटाला वर चढणारा. कुणी तोंडाशी दोन्ही हात धरून "एऽऽ" म्हणावं तसा. मी ओ द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात चुलीपुढून आत्याबाईंनी, माझ्या सासूनं, फुंकणीचा एक तडाखा माझ्या दंडावर दिला.

"गप! ओ दिऊ नगंस."

"अवो, पण कुणीतरी हाक मारतंय."

"मारू दे. दुसरी येऊ दे, तिसरी येऊ दे, मग ओ द्यायची. पयल्या हाकंला ह्या वाडीत कुणी ओ देत न्हाई. तुज्या मसुरात चालत आसंल."

माझं माहेर मसूरचं. तिकडंही म्हाताऱ्या माणसांकडून हे ऐकलेलं होतं, की जिवंत माणूस दोनदा-तीनदा हाक मारतं, जे जिवंत नाही ते एकदाच मारतं, आणि ओ देईल त्याला घेऊन जातं. पण आमच्याकडं ती पोरांना भिववायची गोष्ट होती. तांबडसड्याच्या वाडीत तो कायदा होता. शेजारचे सर्जेराव तात्या जेवायलासुद्धा तिसऱ्या हाकेशिवाय उठायचे नाहीत. सून चिडायची, तर म्हणायचे, "भाकरी गार झाली तर चालंल बाई. म्या गार व्हायला नगं."

त्या दिवशी दुसरी हाक आली, तिसरी आली, दहावी आली, आणि वाडीतली सगळी दारं धडाधड लागली. शेवटी आमचे हे हसत हसत सड्यावरून खाली आले. हातात पाना, डोक्याला टॉवेल.

"अगं आई, पाइप वाजतोय त्यो! कालच उभा केलाय न्हवं, वरचं तोंड उघडं हाय. मोकळ्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की कशी वाजती? तसंच हे."

"मग बुजव तोंड त्येचं," आत्याबाई म्हणाल्या. हसल्या नाहीत. ह्यांनी काथ्याचा बोळा शिडीवर चढून पाइपाच्या तोंडात ठोकला आणि आवाज थांबला. दारं उघडली. तात्या येऊन म्हणाले, "जोतीराम, लेका, तू वीज आननार व्हतास. भूत कशापायी आनलंस?"

सगळे हसले. मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या अजून सड्याकडं तोंड करून उभ्या होत्या.

हे सगळं माझ्यामुळं चाललं होतं, ते आधी सांगायला हवं. लग्न झालं तेव्हा हे कऱ्हाडला मोटारी वाइंडिंग करण्याच्या दुकानात होते. भाड्याची खोली होती, बटण दाबलं की उजेड पडायचा. पण वाडीत आत्याबाई एकट्या, आणि त्या काही केल्या घर सोडून यायला तयार नव्हत्या. शेवटी आम्हीच वाडीला आलो. विजेचे खांब डोंगराखालच्या गावापर्यंत आले होते आणि तिथंच थांबले होते. वरून ते दिसायचे. घरात चिमणी, चिमणीचा धूर, आणि पावसाळ्यात भरदुपारी सांज झाल्यासारखा अंधार. मला दिवस गेले तेव्हा मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, "दिवाळीपर्यंत ह्या घरात उजेड आला तर माझं बाळंतपण इथं होईल. नाही आला तर आपण कऱ्हाडला जायचं, आणि मग मी परत वर चढणार नाही."

मी बोलते ते करते हे ह्यांना ठाऊक होतं. दाराआड उभ्या असलेल्या आत्याबाईंनाही ठाऊक झालं. मुलगा, सून आणि होणारं नातवंड, सगळं त्या एका दिव्यावर येऊन ठेपलं होतं.

दुसऱ्याच दिवशी हे वाऱ्यावर वीज करणारा पंखा बनवायला लागले. ट्रॅक्टरच्या चाकाचा जुना हब आणला, त्यावर चुंबकं बसवली. तांब्याच्या तारेची वेटोळी दुकानात शिकले होते तशी घातली. पाती शिवणीच्या लाकडाची. लाकूड हलकं आणि ते वाकत नाही. अंगणात बसून तासणीनं तासायचे आणि पातं बोटावर तोलून बघायचे. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मागं शेपूट लावली, म्हणजे वारा फिरला की पंखा आपोआप त्याच्याकडं तोंड करणार. त्या पंख्याशिवाय दुसरं काही सुचत नसे त्यांना. एकदा मी ताट वाढून तासभर बसले, तर म्हणाले, "तिसरी हाक कुठं मारलीस?"

जागा ठरवताना मात्र घरात ठिणगी पडली. ह्यांनी माझ्या जुन्या पातळाच्या पट्ट्या फाडून चार-पाच बांबूंना बांधल्या आणि बांबू ठिकठिकाणी रोवले. घरामागची पट्टी अंगात आल्यासारखी घुमायची. आता इकडं, आता तिकडं, मधेच मान टाकायची. पण सड्याचं जे टोक पुढं दरीवर आलेलं आहे, ज्याला वाडीत नाकाड म्हणतात, तिथली पट्टी दिवसभर ताठ, एका दिशेला.

"तितं नगं," आत्याबाई म्हणाल्या.

"आई, घरामागं वारा प्यालेला हाय. झाडं आडवी येत्यात, टेकाड आडवं येतंय. त्यात पंखा लावला तर म्हैन्यात पाती मोडत्याल."

"तार कमी लागंल की घरापाशी. तूच म्हनला व्हतास, लांब तारंत वीज दमती."

"जाड तार घालीन. पन वाराच न्हाई तर वीज कुटनं आनू?"

"नाकाडावर नगं. नगं म्हंजे नगं."

एवढं बोलून त्या गोठ्यात निघून गेल्या. मला कारण ठाऊक होतं, निदान तसं मला वाटत होतं. माझे सासरे नाकाडाखालच्या घळीत पडून गेले. हे तेव्हा रांगत होते. धुक्यात कालवड चुकली म्हणून ते शोधायला गेले आणि दुसऱ्या दिवशी सापडले. तेव्हापासून आत्याबाई नाकाडाकडं फिरकल्या नव्हत्या. गुरं चारायला नेली तरी लांबचा फेरा घेऊन मागच्या अंगाला न्यायच्या. ह्यांना वडिलांचा चेहराही आठवत नव्हता. ते म्हणाले, "मानूस गेलं म्हनून वारा थोडाच जातो?" आणि पाइप नाकाडावरच उभा केला.

गौरी गेल्या आणि पंखा चढवायचा दिवस आला. वाडीतल्या गड्यांनी पाइप आडवा केला, त्यावर हब, पाती, शेपूट सगळं बसवलं आणि दोर ओढून पुन्हा उभा केला. चारी बाजूंनी तारेचे ताण दिले, ताणांची टोकं जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना. घरापासून निघालेली तार अजून पंख्यापर्यंत पोचायची होती, म्हणून पाती दोरीनं बांधून ठेवली. तार अर्ध्या वाटेपर्यंत गेलीही, बांबूंवर टांगून. संध्याकाळी अंगणातून बघितलं तर नाकाडावर काहीतरी तीन हातांचं उभं होतं. मला ते आवडलं नाही. पण हट्ट माझाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा वाढला. हे म्हणाले, "दरीकडचा एक खुंटा ढिला वाटतोय. बघून येतो."

"धुकं चढतंय. न्याहारी करून जा."

"आत्ता आलो."

घोंगडं खुंटीवरच राहिलं. ते गेले, आणि पाठोपाठ धुकं आलं.

घाटमाथ्याचं धुकं ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. ते खालून येतं, दरीतून, आवाज न करता, आणि एकेक वस्तू काढून नेतं. आधी नाकाड गेलं. मग तात्यांचं घर गेलं, मग फणस, मग अंगणातली तुळस. भरदुपारी उंबऱ्यापलीकडं नुसतं पांढरं राहिलं. गोठ्यातली गुरं गप्प झाली. वारा होता, पण तो कुठून येतोय ते कळत नव्हतं.

आम्ही दोघी उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलो. ह्यांना जाऊन बराच वेळ झाला होता. दोघींनाही ते कळत होतं. आत्याबाई एकच खडा पुन्हा पुन्हा बाजूला काढत होत्या.

आणि हाक आली.

"अगं एऽऽ!"

पाइपासारखी नव्हती. पुरुषाचा आवाज, दमलेला, नाकाडाच्या बाजूनं. आमच्याकडं नवरे बायकोला अशीच हाक मारतात. मी सूप ठेवून उठले. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब. दुसरी येऊ दे."

"अवो, ह्यांचा आवाज हाय!"

"दुसरी येऊ दे म्हनते ना!"

मी थांबले. कान सगळा त्या पांढऱ्यात लावून उभी राहिले. दुसरी हाक येईना. पागोळीचं पाणी टपटपत होतं तेवढंच. आत्याबाईंची बोटं माझ्या मनगटात रुतत चालली होती. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. एवढ्या गारठ्यात त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. ओठ हलत होते. त्या पुटपुटत होत्या, "मार. मार की रं दुसरी. मार..."

"आत्याबाई, सोडा मला."

"न्हाई. पोटुशी हायस तू."

"ओ—" मी तोंड उघडलं. त्यांनी तळहात माझ्या तोंडावर दाबला. सासूच्या अंगावर हात टाकायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. मी त्यांना ढकललं. त्या तांदळात पडल्या. मी उंबरा ओलांडला आणि जीव खाऊन ओरडले, "ओऽऽ! आलेऽऽ!"

मागून आत्याबाईंचं रडणं ऐकू आलं. मी वळून पाहिलं नाही.

वाट दिसत नव्हती. मी हातानं तार धरली. बांबूवर टांगलेल्या त्या थंडगार तारेवरून एक हात सरकवत सरकवत चढत गेले. "आले, आले," म्हणत होते, कुणाला ते ठाऊक नाही. तार होती तोवर धीर होता. मग हाताला तारेचं टोक लागलं. शेवटचा बांबू. त्याच्यापुढं उघडा सडा, आणि सड्याला कड कुठं आहे ते दिसत नव्हतं.

तिथं मी उभी राहिले. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पोटावर हात ठेवला आणि मागं फिरावं असं मनात आलं. तेवढ्यात वास आला. भिजलेल्या घोंगड्याचा. मेंढीच्या लोकरीला पाणी लागलं की येतो तो उग्र, उबदार वास, चार पावलांवरून यावा इतका जवळ. मला वाटलं, हेच. मी त्या वासामागं चालत गेले. वास डावीकडं वळला की मी वळायचे. एकदा पायाखालचा दगड सुटला आणि खाली, फार खाली जाऊन वाजला. तेव्हा कळलं की कड हाताच्या अंतरावर होती आणि मी तिच्या कडेकडेनं नीट चालले होते.

पायाला काहीतरी लागलं. शिवणीचं पातं, मोडलेलं. पाइप आडवा झाला होता. दरीकडचा खुंटा उपटून आला होता. सड्यावर माती वीतभर, खाली नुसता जांभा. खुंट्याला धरायला काही नव्हतंच. आणि पाइपाखाली हे होते. उताणे. पाइप छातीवर आडवा, डोळे मिटलेले, ओठ निळे.

लग्नाला दोन वर्षं होत आली होती, मी ह्यांचं नाव कधी घेतलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. त्या दिवशी मी नावानं ओरडले. "जोतीराम! ए जोतीराम! ऐका की!" पापणी हलली. तोंड उघडलं, मासळीचं उघडतं तसं, पण आवाज आला नाही.

मी पाइपाला हात घातला. हलला नाही. बाजूला खुंटे ठोकायची पहार पडली होती. ती पाइपाखाली घातली आणि रेटलं. बोटभर उचलला आणि घसरला. पुन्हा रेटलं. पोटात कळ आली. मग धुक्यातून दोन काळे हात पुढं आले आणि त्यांनी माझ्या हातांशेजारी पहार धरली.

आत्याबाई. पदर खोचलेला, केसांत तांदळाचे दाणे, अनवाणी. इतक्या वर्षांनी त्या नाकाडावर उभ्या होत्या.

"तू सर. पोटाला जोर लावू नगंस. त्येला वढ," त्या म्हणाल्या, आणि पहारेवर आडव्या पडल्या. पाइप उचलला. मी ह्यांना काखेत धरून ओढलं. ह्यांच्या तोंडातून पहिला श्वास निघाला तो ऐकून मी मोठ्यानं रडले.

आत्याबाई रडल्या नाहीत. त्या उठल्या, दरीकडं तोंड केलं, आणि कमरेवर हात ठेवून धुक्यात ओरडल्या, "ऐकतंय न्हवं? ओ म्या दिलीया! हिनं न्हाई, म्या! ध्यानात ठेव!"

धुकं जरासं हललं आणि पुन्हा मिटलं.

पुढचं सगळं माणसांनी केलं. आमचा आरडाओरडा ऐकून तात्या आणि गडी आले, घोंगड्याची झोळी करून ह्यांना खालच्या गावात नेलं, तिथून जीपनं कऱ्हाड. बरगड्या मोडल्या होत्या, फुप्फुस थोडक्यात वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ तो भार छातीवर राहिला असता तर आणून उपयोग नव्हता. दुसऱ्या हाकेची वाट बघत किती वेळ गेला असता, ते मी मनात मोजून पाहिलं आणि मोजायचं सोडून दिलं.

परत आल्यावर एका दुपारी हे भिंतीला टेकून बसले होते. आत्याबाई चुलीपाशी, मी ह्यांच्या छातीवर लेप लावत होते.

"पन तुला कळलं कसं गं?" ह्यांनी विचारलं.

"म्हणजे? हाक मारलीत की. अगं ए म्हणून."

हे माझ्याकडं बघत राहिले. "मी? शालन, पाइप पडला त्यासरशी माझा वारा निघून गेला. वरडायचं लई मनात व्हतं, पन हूं करायला दम न्हवता. तू नाव घेतलंस तवा जाग आली."

"पाइप वाजला आसंल मग."

"आडवा पडलेला पाइप कसा वाजंल? आन् तोंडावर तर पंखा बसवलेला."

मला घोंगड्याचा वास आठवला. मी खुंटीकडं पाहिलं. ह्यांचं घोंगडं त्या दिवशीही तिथंच होतं, कोरडं. मी ते बोलून दाखवलं, आणि चुलीपुढं फुंकणी खाली पडली.

"कसली हाक व्हती?" आत्याबाईंनी विचारलं. त्यांनीही ती ऐकली होती, तरी विचारलं. "शेवटाला दम तुटल्यागत?"

"व्हय."

त्यांनी फुंकणी उचलून बाजूला ठेवली. मग जाळाकडं बघत बोलू लागल्या.

"घोंगडं पांघरून कालवड हुडकाय गेले ना, तवा आसंच धुकं व्हतं. ह्यो पाळण्यात. म्या चुलीपाशी. आन् हाक आली, अगं ए. त्येंचीच. पयल्या झटक्याला वळखली म्या. उठले. सासू म्हनली, थांब, दुसरी येऊ दे. थांबले." त्यांनी लाकूड आत सारलं. "आली न्हाई. दुसऱ्या दिशी गडी म्हनले, मांडी मोडली व्हती, रगात गेलं. जागच्या जागी न्हाई गेले. तसंच पडून व्हते, दिस मावळंस्तवर."

हे काही बोलायला गेले. त्यांनी हात वर केला.

"कुनाला सांगितलं न्हाई म्या. मनाला म्हनलं, ती हाक त्येंची नव्हतीच. एकदाच आली म्हंजे बाहेरचंच काय तरी आसनार. रीत खरी आसंल तर माजा गुन्हा न्हाई. म्हनून तर येवढी धरून बसले ती रीत." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बायकू हाकंला उठत न्हाई म्हनून त्येंनी पुन्ना मारली बघ. ह्या बारीला पोरासाठी."

मी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांनी माझं मनगट हातात घेतलं, जिथं त्यांच्या बोटांचे वळ अजून निळे होते, आणि त्यावरून हात फिरवत राहिल्या.

पंखा पुन्हा उभा राहिला. ह्या वेळी जांभ्यात छिन्नीनं भोकं पाडून खुंटे सिमेंटात बसवले. ह्यांनी विचारलं होतं, "आई, घरामागं लावू?" त्या म्हणाल्या, "तितंच लाव. आन् पयला दिवा घरात नगं. खांबावरच लाव, धुक्यात दिसंल आसा." वसुबारसेला दोरी सोडली. पाती आधी आळसावल्यासारखी हलली, मग एकसारखी फिरू लागली. नाकाडावर पिवळा ठिपका पेटला, आणि थोड्या वेळानं आमच्या माजघरात. वाडी गोळा झाली. तात्यांनी बल्बला हात जोडले आणि मग मला म्हणाले, "नवऱ्याचं नाव घेऊन बोंबललीस म्हनं सड्यावर. आता रोज घे, वीज वाढंल." मी बाळंतपणाला मसूरलाही गेले नाही. मुलगी इथंच झाली, त्या बल्बच्या उजेडात.

आता वाडीत सरकारी वीज आली आहे. पंखा मात्र अजून आहे, पाती दोनदा बदलली, खांबावरचा दिवा आम्ही विझू दिला नाही. आत्याबाई पुष्कळ जगल्या. नातीचं लग्न बघितलं. पहिल्या हाकेला ओ देऊ नये हे त्यांनी पुन्हा कुणाला सांगितलं नाही. नात एकदा हाक मारायची आणि ह्या धावायच्या.

गेल्या वर्षाची गोष्ट. माघातली दुपार, लख्ख ऊन, वारा असा नाहीच. नाकाडावरची पाती स्थिर होती. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, आत्याबाई उंबऱ्यात बसून वाल सोलत होत्या. त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली, सड्याकडं पाहिलं, आणि लग्नातल्या नवरीसारख्या लाजल्या. खरंच लाजल्या, त्या वयात.

"ओ," त्या म्हणाल्या, हळूच. "आले."

ओटीतल्या शेंगा त्यांनी नीट बाजूला ठेवल्या, पदर डोक्यावर घेतला आणि दाराच्या चौकटीला डोकं टेकलं. मी जवळ जाईपर्यंत संपलं होतं.

हे शेतातून धावत आले. लोक जमले. सगळ्यांनी विचारलं, काही बोलल्या का, कुणी बोलावलं होतं का? मी नाही म्हणाले.

हाक मी ऐकली होती. दम तुटल्यासारखी नव्हती ह्या खेपेला, जवळ येऊन मारल्यासारखी होती. पण ती माझ्यासाठी नव्हती, म्हणून मी तोंड उघडलं नाही. थापलेली भाकरी काठवटीत तशीच राहिली.